गावाचा माईक लागेना

आमच्या गावाला मुंबई मंडळाने संगणक भेट दिला, त्या दिवशी समाजमंदिरात संगणक एक होता आणि शाली पंधरा. पोलादपूरच्या डोंगरातलं आमचं गाव लहान, पण मुंबईतलं त्याचं मंडळ मोठं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार आणि ज्याला यातलं काहीच मिळालं नाही तो मार्गदर्शक. गावात राहणारे आम्ही मात्र नुसते ग्रामस्थ. अध्यक्षांच्या कंपनीत नवे संगणक आले म्हणून जुन्यातला एक आमच्या वाट्याला आला, हे लहान पोरालाही माहीत होतं. तरी भाषणात त्याला डिजिटल क्रांती म्हणाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग पूजा. आमच्याकडे नवी वस्तू, मग ती विळा असो की मोटारसायकल, हळदकुंकू लावल्याशिवाय वापरायला काढत नाहीत. अध्यक्षांनी हा मान दुसऱ्या कुणाला दिला नाही. पेटीच्या पुढच्या बाजूला, जिथे बटण आणि वायरी घालायची भोकं असतात, तिथे त्यांनी हळदकुंकवाची बोटं ओढली आणि अक्षता वाहिल्या. अक्षता काही पेटीवर टिकेनात. फोटोवाला म्हणाला, साहेब, पुन्हा एकदा. तेव्हा साहेबांनी त्या कुंकवात चांगल्या भिजवल्या आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या. फोटो छान आला. मंडळाच्या कॅलेंडरवर तोच छापला.

संगणकाबरोबर इंटरनेटची तार, एक कॅमेरा आणि कानावर घालायचा हेडफोन आला होता. हेडफोनला तोंडापुढे येणारी माईकची दांडी होती आणि शेवटी दोन पिना, हिरवी ऐकायची, गुलाबी बोलायची. हे मला कळतं, कारण मी महाडला कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाईप करून देतो. एवढ्यावर गावाने मला ‘कॉम्प्युटरमधला माणूस’ ठरवलं. मला टाईप करता येतं. बाकी पेटीच्या आत काय चालतं ते मला आमच्या देवाइतकंच माहीत आहे. पण गावात मान फुकट मिळत असेल तर नाही म्हणू नये, म्हणून मीही कधी खुलासा केला नाही.

आता गावकीची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आमच्या गावात कुठलीही गोष्ट मतदानाने ठरत नाही. विषय मांडतात, भांडायचं ते भांडतात आणि मग मांडणारा तीनदा विचारतो, ‘कुणाची हरकत हाय?’ तीनदा विचारून कुणी तोंड उघडलं नाही, की ते सगळ्यांना कबूल. मागाहून कुणी कुरकुर केलीच, तर त्याला म्हणतात, तेव्हा काय तोंडात सुपारी धरली होतीस? ही रीत मंडळानेही मुंबईला नेली. डोंगरातून माणसं गेली, सोबत तांदूळ आणि कुळीथ गेले, तशी हीसुद्धा गेली.

त्या वर्षी विषय होता मंडळाच्या फंडाचा. अध्यक्षांना गावाच्या फाट्यावर सिमेंटची कमान हवी होती. वर दोन सिंह, मध्ये गावाचं नाव आणि खांबांवर संगमरवरात पदाधिकाऱ्यांची नावं. आमच्या फाट्यावर एसटी थांबते ती ड्रायव्हरच्या मर्जीने. तिथे उतरणारा माणूस हा आमच्याच गावचा असतो, त्याला हे कुठलं गाव हे कमानीवर वाचायची गरज नसते. पण हे अध्यक्षांना कोण सांगणार?

गावाला हवा होता साकव, ओढ्यावरचा लहान पूल. गावाच्या मधून पऱ्या वाहतो. त्याच्या पलीकडे वरची वाडी. पूर्वी त्यावर लोखंडी साकव होता, तो एका पुरात गेला. आता दोन सागाचे वासे टाकलेत. उन्हाळ्यात बरं असतं, पावसात ते वासे शेवाळाने असे बुळबुळीत होतात की कुत्रंसुद्धा विचार करून पाय ठेवतं. वरच्या वाडीत आता एकच घर उघडं आहे. ते माझ्या काकीचं.

काकी तिथे एकटी राहते. आदल्या पावसाळ्यात ती वाशावरून घसरली, हात मोडला आणि भिजलेली, चिखलाने माखलेली, स्वतःच चालत गावात आली. तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, मुंबईत असतो. त्याने तेव्हाच फोनवर ओरडून सांगितलं की पुढच्या पावसाआधी साकव झाला नाही, तर मी घराला कुलूप लावणार आणि तुला मुंबईला आणणार. तो एवढ्या मोठ्याने बोलत होता की फोन कानाला लावायची गरज नव्हती. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, बघ गो, कसा जीव आहे पोराचा. काकी काही बोलली नाही. तिला मुंबईला जायचं नव्हतं. तिची गाय होती, अंगणातला फणस होता आणि मुख्य म्हणजे स्वतःची चूल होती. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा ती महिनाभर त्याच्याकडे राहून आली होती आणि त्या महिन्याबद्दल तिने आम्हाला एवढंच सांगितलं होतं की तिथे लिफ्ट आहे.

म्हणून सभा ठरली तेव्हा काकी म्हणाली, मी बोलणार. गावकीत बाई बोलत नाही. बायका समाजमंदिराच्या पायरीवर बसतात आणि घरी गेल्यावर नवऱ्याला सांगतात की तू काय बोलायला हवं होतंस. पण आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते म्हणाले, ‘बोलू द्या तिला. पडली ती हाय, तुमी नाय.’ त्यानंतर हरकतीचं कुणाला सुचलं नाही.

सभा रविवारी दुपारी, संगणकावर. मंडळाने वर एक नियम केला होता की गावातून फक्त मंडळाचा संगणकच आत घेतला जाईल. त्याला कारण आम्हीच. मागच्या सभेला पाण्याच्या टाकीपाशी एकत्र बसून सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवरून भाग घेतला आणि अशी काही किंकाळी उठली की मुंबईत एका सल्लागारांचं बी.पी. वाढलं. चॅटही बंद केला होता, कारण त्यात लोक भर दुपारी गुलाबाची फुलं आणि सुप्रभात पाठवत. सभेची सगळी सूत्रं माझ्या चुलत भावाकडे होती. तो मंडळाचा चिटणीस. कुणाला आत घ्यायचं, कुणाचा आवाज उघडायचा, कुणाचा दाबायचा, हे एकट्या त्याच्याच हातात. अध्यक्ष बोट दाखवणार आणि हा बटण दाबणार. मला त्याचा हा हुजरेपणा बघवत नसे, आणि तेही मी त्याला कधी बोललो नव्हतो.

पडद्यावर चौकोन उघडले. मुंबईकर चौकोनाचौकोनांत बसले होते. अध्यक्ष मागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावून बसले होते आणि हलले की त्यांचा एक कान कपाटात जायचा. काकीने नऊवारीचा पदर सारखा केला, हेडफोन अंबाड्यावरून कसाबसा बसवला आणि ताठ बसली. तिला सगळं ऐकू येत होतं. अध्यक्ष म्हणाले, ‘गावाकडून आवाज येत नाहीये.’

मी आवाजाच्या खुणेवर क्लिक केलं. आत गेलो. स्पीकर दिसत होता. माईकच्या जागी लिहिलं होतं, इनपुट उपकरण आढळले नाही. काकीच्या तोंडासमोर माईक, काकी माझ्यासमोर, आणि संगणक म्हणतो आढळला नाही. मी गंभीर चेहरा करून मान हलवली. गावाला तेवढं पुरलं. कॉम्प्युटरमधला माणूस मान हलवतोय म्हणजे काम चालू आहे.

मी पिना काढून घातल्या. हिरवी आत गेली, गुलाबी जरा बाहेर राहिली, पण मी म्हटलं, असेल तशी. संगणक बंद करून चालू केला. तेवढ्या वेळात मुंबईत इतिवृत्त वाचून झालं. परत तेच. मग गाव मदतीला आलं. एकाने माईकवर फुंकर मारली. एकाने वायर पिळली. एक जण म्हणाला, काकीचा आवाज बारीक आहे, पुरुषाने बोलून बघावं, आणि माईकमध्ये असा ओरडला की काकीच्या कानाला दडे बसले. मुंबईत काही पोचलं नाही. पोलीसपाटील म्हणाले, पेटीला नजर लागली असेल. त्यांच्या सौभाग्यवती मिरच्या आणायला निघाल्याही होत्या.

मी फोन घेऊन पाण्याच्या टाकीपाशी पळालो. आमच्याकडे रेंज तिथेच येते. महाडच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो नात्यातल्या लग्नाला दासगावला गेला होता, मागे बँडबाजा चालला होता. तो म्हणाला, ड्रायव्हर टाका. मी म्हटलं, कुठून टाकू? तो म्हणाला, मग पेटी घेऊन महाडला या, मंगळवारी. चुलत भावाला फोन केला, त्याने कापला. मोबाइलवरूनच सभेत शिरायला गेलो, तर ‘लवकरच आपल्याला आत घेतले जाईल’ असं आलं. अजून घेतलेलं नाही. नियम म्हणजे नियम.

धापा टाकत परत आलो, तर कमानीचा विषय मांडून झाला होता. सिंहांचं तोंड कुठल्या दिशेला असावं इथपर्यंत चर्चा आली होती. आबांनी डोकं चालवलं. म्हणाले, ‘आवाज नाय तर लिवून दाखवा.’ कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर जाड अक्षरात लिहिलं, ‘माईक बंद. साकव हवा.’ ते कॅमेऱ्यापुढे धरलं. पण आमच्या पडद्यावर ती अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसायला लागली. झालं. सगळे म्हणाले, मुंबईला उलटं दिसतंय, उलटं लिहा म्हणजे सुलटं दिसेल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा गंभीर मान हलवली. मग आम्ही दुसऱ्या पानावर एकेक अक्षर उलटं काढलं, वेलांट्या उलट्या, उकार उलटे, फार कष्टाने. आमच्या पडद्यावर ते झकास सुलटं दिसलं. मुंबईला अर्थातच उलटं गेलं. अध्यक्षांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘वा, गावच्या मुलांनी मोडीत शुभेच्छा दिलेल्या दिसतात.’

पान फिरवून पहिलं दाखवेपर्यंत त्यांनी विचारलं, ‘कमानीला कुणाची हरकत आहे?’

समाजमंदिरात सगळे एकदम उभे राहिले. हात हलवले, नाही नाही. मुंबईकरांनीही चौकोनांतून हसून हात हलवले. दुसऱ्यांदा विचारलं. काकी माईकमध्ये बोलत होती. तिने पाठ केलेलं सगळं ती बोलत होती, वासे, शेवाळ, हात, गाय, एकही शब्द न गाळता. आम्हाला ते ऐकू येत होतं, फाट्यावरच्या सिंहांना ऐकू गेलं असतं, मुंबईला नाही. तिसऱ्यांदा विचारलं. अध्यक्ष म्हणाले, ‘गावाची सुद्धा हरकत नाही. मंजूर.’

काकी बोलायची थांबली. तिने हेडफोन काढला नाही. तशीच बसून राहिली. मग मला म्हणाली, ‘रे, घर पुसून ठेवलंय मी. कुलूप कुठलं लावायचं ते तूच आण महाडवरून.’ मला आयुष्यात इतकी लाज क्वचित वाटली असेल. मी उगाच काहीतरी करायचं म्हणून पेटीसमोर उकिडवा बसलो आणि पहिल्यांदा त्या गुलाबी भोकात नीट डोकावलो.

आत लाल काहीतरी होतं.

काकीच्या बांगडीत पिना असतात, आमच्याकडच्या सगळ्याच बायकांच्या असतात. तिची एक पिन घेतली आणि उकरलं. आधी कुंकवाची वाळकी खपली आली. मग एक अक्षत. तांदळाचा आख्खा दाणा, कुंकवाने माखलेला, अंगठ्याने दाबून खोल बसवलेला. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने गावाच्या तोंडात पाचर मारली होती आणि तिचा फोटो आमच्या भिंतीवर वर्षभर लटकत होता. गुलाबी पिन घातली. टक् करून आत गेली. पडद्यावर आलं, माईक आढळला.

‘अरे, गावाचा माईक लागलेला दिसतोय,’ अध्यक्षांना तिकडे दिसलं. ते खुशीत होते. ‘छान झालं. गावाने आभाराचे दोन शब्द बोलावेत. चिटणीस, गावाचा आवाज उघडा आणि बाकी सगळे बंद करा, माझा सुद्धा. रेकॉर्डिंगमध्ये आभार स्वच्छ आले पाहिजेत.’

चुलत भावाने तसं केलं. एकेका चौकोनात माईकवर लाल काट आली. अध्यक्षांच्याही. फक्त दोन चौकोन मोकळे राहिले, एक आमचा आणि एक त्याचा स्वतःचा.

काकीने आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली. ती गंभीर नव्हती, खरी होती.

‘आभार हाय सगळ्यांचे,’ काकी म्हणाली. तिचा आवाज मुंबईला पोचला, कारण सगळे चौकोन सावरून बसले. ‘मी वरच्या वाडीतली. माझा एक विषय हाय. फंडातून आदी साकव बांदायचा, पावसाच्या आत. उरलं तर कमान. साकवाला कुणाची हरकत हाय?’

अध्यक्षांचं तोंड उघडलं. ते बोलायला लागले. काय बोलले ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. हात वर गेला, कान कपाटात गेला, बाहेर आला. कार्याध्यक्ष उठून उभे राहिले, त्यामुळे आम्हाला त्यांची अर्धी चड्डी दिसली.

‘साकवाला कुणाची हरकत हाय?’ काकीने दुसऱ्यांदा विचारलं. अजिबात घाई केली नाही. अध्यक्ष आता पडद्याच्या इतक्या जवळ आले होते की नुसतं नाक दिसत होतं. ते चिटणिसांना खुणा करत होते, आवाज उघड, आवाज उघड.

मी चुलत भावाच्या चौकोनाकडे बघत होतो. त्याला खुणा दिसत होत्या. बटण त्याच्या बोटाखाली होतं. त्याचा स्वतःचा माईक चालू होता, त्याच्या मागचा पंखा फिरल्याचा आवाज येत होता आमच्याकडे. त्याने मान खाली घातली आणि टेबलावरचा कुठला तरी कागद वाचायला लागला.

काकीने तिसऱ्यांदा विचारलं. पंखा फिरत राहिला.

‘कबूल,’ आबा म्हणाले. आणि कधी नव्हे ते पायरीवरच्या बायका आत आल्या.

पुढे व्हायचं ते झालं. अध्यक्षांचा आबांना फोन आला की हा तांत्रिक बिघाड होता, ठराव रद्द समजावा. आबा तेव्हा गुडघ्यांसाठी महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसायला निघाले होते. ते म्हणाले, ‘बिघाड आमच्याकडं झाला तवा कमान मंजूर झाली. तुमच्याकडं झाला तर साकव रद्द? मग दोन्ही रद्द करा आन् पुन्हा विचारा. आता आमचा माईक चालतो.’ अध्यक्षांनी विचार केला आणि पुन्हा विचारण्यापेक्षा साकवाला नाव दिलेलं बरं, असं ठरवलं. साकव पावसाआधी उभा राहिला. दोन्ही टोकांना संगमरवर आहे. एकीकडे अध्यक्षांचं नाव, दुसरीकडेही अध्यक्षांचंच, म्हणजे पलीकडून येणाऱ्याची गैरसोय नको. वरच्या वाडीतून येणारी फक्त काकी आहे आणि तिला वाचता येत नाही. चिटणिसांनी मंडळाला सांगितलं की ऐन वेळी त्यांचा संगणक अडकला होता.

मला मात्र राहवलं नाही. साकव झाल्यावर एका रविवारी काकीकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. की बटण त्याच्याकडे होतं, संगणक अडकला नव्हता, पंखा ऐकू येत होता. की इतकी वर्षं मी त्याला मंडळाचा हुजऱ्या समजत होतो आणि त्याने आईसाठी अध्यक्षांचा आवाज दाबून धरला.

काकी आमसुलं वाळत घालत होती. ती म्हणाली, ‘साकव झाला नसता तर मला न्यायला लागलं असतं ना रे त्याला.’

मी आमसुलांची टोपली तिच्याजवळ सरकवली.

‘लहान जागा हाय,’ ती म्हणाली. ‘मी होते तवा सून बिचारी गॅलरीत झोपायची. बोलत नवती, पर भांडी जोरात ठेवायची. त्यो तरी काय करील?’ हे ती रागाने म्हणाली नाही. हातातली आमसुलं एकमेकांना लागणार नाहीत अशी नीट पसरत होती.

आता तो दर रविवारी फोन करतो. काकी तो टाकीपाशी येऊन घेते आणि फोनवर आलेलं सगळ्यांना ऐकू जातं, कारण तो अजूनही ओरडूनच बोलतो. ‘आई, येतेस का गो मुंबईला?’ काकी काही बोलत नाही. तो पुन्हा विचारतो, ‘येतेस का?’ काकी तरीही बोलत नाही. मग तो गायीची चौकशी करतो. तिसऱ्यांदा त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही.